मोती पोटात, रातांबा टाचेला

इ. स. १००८. दक्षिण कोकणातला शिलाहार राजा रट्टराज एका शैव आचार्यांना दान देतो आणि ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतो. दानात गावं आहेत, शिवाय बंदराच्या उत्पन्नातला वाटाही आहे: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण. हा ताम्रपट मिळाला खारेपाटणला. तो वाचून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पहिल्यांदा छापला तो ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी. त्यांचं पोंभुर्ले खारेपाटणपासून फार लांब नाही.

खारेपाटण म्हणजे वाघोटण खाडीचं आतलं टोक. विजयदुर्गापाशी खाडीत शिरलेलं गलबत भरतीच्या पाण्यावर इथवर येई. माल उतरला की पुढचा प्रवास बैलांच्या पाठीवर. आज ज्याला वैभववाडी तालुका म्हणतात तो मुलूख ओलांडायचा, बावड्याकडे चढणाऱ्या घाटवाटांनी वर जायचं आणि गगनगडाला वळसा घालून कोल्हापूर गाठायचं. पुढे हा घाटमाथा आणि पायथ्याची गावं रामचंद्रपंत अमात्यांच्या बावडा जहागिरीशी जोडली गेली. वैभववाडीला समुद्रकिनारा नाही, पण समुद्राचा माल कायम तिच्या दारावरून गेला. मीठ गेलं, सुकी मासळी गेली, नारळ गेले, शिंपल्यांचा चुना गेला. समुद्राची सगळ्यात महाग वस्तू म्हणजे मोती. तो या वाटेवरच्या साध्या घरात फार तर नथीत दिसला असेल.

आज याच तालुक्यातल्या मुलीच्या मोबाइलवर ‘मोत्याची पावडर’ दिसते. गुलाबपाण्यात कालवा, दह्यात कालवा, चेहऱ्याला लावा, पंधरा मिनिटांनी धुवा. सोबत एक वाक्य हमखास असतं: आयुर्वेदात सांगितलेला, राजघराण्यांतल्या स्त्रियांचा जुना उपाय. या वाक्यात मोती खरा आहे आणि आयुर्वेदही खरा आहे. चेहरा मात्र नंतर आला.

जुन्या ग्रंथांत मोती शोधायला गेलं तर तो औषधाच्या खलात सापडतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि दम्यावर ‘मुक्ताद्य चूर्ण’ आहे. त्यात मोती, पोवळं, वैडूर्य, शंख, स्फटिक अशी द्रव्यं एकत्र येतात आणि ते चूर्ण मध-तुपात चाटायचं असतं. सुश्रुतसंहितेत मोती डोळ्यांच्या अंजनात भेटतो. अंगाचा दाह होत असेल तर थंडगार मोत्यांच्या माळा अंगावर ठेवायलाही वैद्यांनी सांगितलं आहे. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात मोत्याचे गुण मोजले आहेत ते असे: क्षय, खोकला, दमा, मंदावलेला अग्नी, दाह, शिवाय पुष्टी आणि आयुष्य देणारा. ही यादी छातीची, पोटाची आणि तापाची आहे.

मग कांतीसाठी काय? त्याची यादी चरकाने वेगळी दिली आहे. वर्ण उजळणाऱ्या दहा द्रव्यांचा त्याचा गट म्हणजे ‘वर्ण्य महाकषाय’. त्यात चंदन, तुंग, पद्मक, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ, सारिवा, पयस्या आणि दोन प्रकारच्या दूर्वा येतात. दहाच्या दहा वनस्पती. मोती त्यांत नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. राजाने तेल कसं चोळून घ्यावं, स्नान कसं करावं, कोणत्या ऋतूत कसला लेप लावावा हे त्यात तपशिलाने आहे. चंदन, केशर, कस्तुरी, कापूर यांची त्यात रेलचेल आहे. मोत्यांसाठी मात्र राजाने रत्नपरीक्षेचं आणि अलंकारांचं दालन राखून ठेवलं आहे. ज्याच्या कोठारात मोत्यांची कमी नव्हती, त्याच्याही चेहऱ्यावर चंदनच होतं.

मोती खायचा तर तो आधी शुद्ध करावा लागतो, आणि ही कृती घरगुती कधीच नव्हती. मोती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ती मडक्यात टांगायची, मडक्यात जयंतीच्या पाल्याचा रस आणि खाली मंद आच, असं एक प्रहर. याला दोलायंत्र म्हणतात. मग मोती धुऊन, कुटून दगडी खलात घालायचे आणि गुलाबपाणी टाकत घोटायचे. दिवसचे दिवस घोटल्यावर बोटांच्या चिमटीत कण लागेनासा होतो. ही झाली मुक्तापिष्टी. तेच चूर्ण दोन मातीच्या शरावांत बंद करून, सांधे कापडमातीने लिंपून गोवऱ्यांच्या आगीत पुटं दिली की मौक्तिक भस्म. ‘सुवर्ण वसंतमालती’त एक भाग सोनं असेल तर दोन भाग मोती पडतो. मौक्तिकयुक्त ‘कामदुधा’त मोत्याबरोबर पोवळं, शिंपला, कवडी आणि शंख अशी समुद्राची अख्खी पेटीच उतरते. पित्ताने हैराण झालेल्या मराठी माणसाला कामदुधा आजही ओळखीची आहे. युनानी हकीमांचा खमीरा मरवारीद हाही मोत्याचाच, आणि तोही चाटायचाच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे खल कारखान्यात गेले. १८७२ साली पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी ‘धूतपापेश्वर’ सुरू केलं. वैभववाडीच्या शेजारच्या राजापूर तालुक्यातल्या देवाची आठवण करून देणारं हे नाव. १८९९ मध्ये सांडू बंधूंचा कारखाना आला, १९३५ मध्ये पुण्याची आयुर्वेद रसशाळा. वैद्याने स्वतः घोटलेली पिष्टी आता चिठ्ठी लावलेल्या बाटलीतून मिळू लागली. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला ती गावी आणता येऊ लागली. १९७८ साली केंद्र सरकारने ‘आयुर्वेदिक फॉर्म्युलरी’चा पहिला भाग काढला तेव्हा मुक्तापिष्टी त्यात औषध म्हणूनच नोंदली गेली.

औषधाला एवढे मोती येत कुठून? मोठे, गोल, तेजदार मोती नथीला, चिंचपेटीला आणि तन्मणीला जात. वैद्याला रूप नको होतं, फक्त मोती हवा होता. म्हणून चाळणीतून खाली पडलेले, वेडेवाकडे, रंग गेलेले, राईएवढे दाणे त्याच्या वाट्याला येत. असा माल भरपूर मिळण्याचं ठिकाण म्हणजे मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या आखातातल्या मोत्यांची सर्वांत मोठी पेठ मुंबईच होती. उन्हाळ्यात बहारीन आणि कुवेतच्या पाणबुड्यांचा हंगाम संपला की अरब व्यापारी माल घेऊन मुंबईला येत. इथे मोती निवडले जात, त्यांना भोकं पाडली जात, सर ओवले जात आणि मग ते पॅरिस-लंडनला निघत. मराठी घरांत ज्याला ‘बसरा मोती’ म्हणतात तो हाच.

आपल्या किनाऱ्यावरही मोत्याचा एक गरीब भाऊबंद होता. चपटा, अभ्रकासारखा पारदर्शक शिंपला. शास्त्रीय नाव प्लॅक्युना प्लॅसेंटा. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी याचीच तावदानं बसवलेली दिसतात. या शिंपल्यातही मोती होतो, पण बारीक, शिशाच्या रंगाचा, दागिन्याला निरुपयोगी. ओखामंडळच्या किनाऱ्यावर बडोदे संस्थानाच्या वतीने या शिंपल्यांची मासेमारी होई. तिची पाहणी करून जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानाला अहवाल दिले. या बारीक मोत्यांना दोनच गिऱ्हाइकं होती. एक वैद्य. दुसरा असा श्रीमंत, ज्याला साध्या शिंपल्याच्या चुन्याने पान रंगवणं कमीपणाचं वाटे, म्हणून तो मोती भाजून केलेला चुना विड्याला लावी. २००१ पासून हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तो उपसण्यावर बंधनं आहेत.

विड्यातल्या या चुन्यात मोत्याचं सगळं रसायन उघडं पडतं. मोत्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कॅल्शियम कार्बोनेट. उरलेल्यात कॉन्किओलिन हे प्रथिन आणि थोडं पाणी. मालवणच्या तिसऱ्या, कालवं आणि मुळ्यांच्या कवचातही मुख्यतः तेच कार्बोनेट. मोत्याची झळाळी येते ती त्याच्या पातळ थरांच्या रचनेतून. थरांवर प्रकाश पडतो आणि परत येताना रंग फुटतात. खलात घोटताच ते थर मोडतात आणि हाती उरते ती पांढरी भुकटी. भट्टीची आच फार चढली तर मोती असो की कालव, दोन्हींचा चुनाच होतो. म्हणूनच पुट देताना आगीचा अंदाज हाच वैद्याचा खरा हात मानला जाई.

किनाऱ्यावर शिंपल्यांच्या चुन्याच्या भट्ट्या होत्याच. किल्ल्यांच्या भिंती, देवळांची शिखरं, घरांचा गिलावा आणि तंबाखूची डबी या सगळ्यांना चुना त्यांनीच पुरवला. घाटमाथ्याकडे जाणाऱ्या मालात तो होता तो याच कामांसाठी. कांतीसाठी तो कातडीला लावणं कोणाच्या मनात आलं नाही, कारण विरवलेला चुना कातडी जाळतो हे घराघरात माहीत होतं. सुश्रुताने शंखाचं चूर्ण हरताळात मिसळून अंगाला लावायला सांगितलं आहे ते केस उडवण्यासाठी.

वैभववाडीच्या घरात कातडीची काळजी वेगळ्याच झाडावर सोपवलेली होती. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. साली मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळवून आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं आणि बिया उरतात. त्या बिया फेकायच्या नसतात. वाळवायच्या, फोडून वरचं टरफल काढायचं, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगतं. ते काढून घेतलं की गार होताना थिजतं, मग हातावर वळून त्याचे अंड्याएवढे गोळे करायचे. घरच्या उष्णतेला हा गोळा घट्ट राहतो आणि वाटीत घालून चुलीपाशी धरला की पातळ होतो. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, हिवाळ्यात टाचांना भेगा पडत, ओठ फुटत. या सगळ्यावर कोकमतेल. मुंबईत राहून देशी औषधांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम डायमॉकने आपल्या सहकाऱ्यांसह लिहिलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ १८९० पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यातही कोकमतेलाचा फुटलेल्या हातापायांवरचा हा उपयोग नोंदला आहे. आज त्याच तेलाला ‘कोकम बटर’ म्हणतात आणि लिपबाम व क्रीम बनवणारे कारखाने ते किलोवर घेतात.

बाकीचं काम उटण्याचं. दिवाळीत चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे अंगाला तेल चोळायचं, उटणं लावायचं, आंघोळ झाली की तुळशीपुढे कारीट फोडायचं आणि मग गोडे-तिखट पोहे. उटण्यात वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, कचोरा, मसुरीचं पीठ, असेल तर चंदन. चरकाच्या यादीतली वाळा-चंदनाची जोडी इथे जशीच्या तशी उतरली आहे. तेलाचा थर पिठाने ओढून घ्यायचा, हळदीने आणि सुगंधी मुळांनी अंग स्वच्छ करायचं, एवढा साधा हिशेब. खोबऱ्याचं दूध चोळणं, तांदळाच्या पिठीने अंग घासणं, शिकेकाई-रिठ्याने केस धुणं या सवयीही त्याच हिशेबातल्या. घरात जे पिकतं किंवा गावच्या बाजारात पैशा-दोन पैशांत मिळतं तेच अंगाला लागे.

मग मोती चेहऱ्यावर आला कुठून?

एक वाट चीनची. तिथे मोत्याची भुकटी चेहऱ्याला लावण्याची रीत खरोखर जुनी आहे. ली शिझेन या वैद्याचा ‘बेनत्साओ गांगमू’ हा औषधींचा महाग्रंथ १५९६ मध्ये छापला गेला. मोती चेहऱ्याला लावल्याने कांती सतेज होते असं त्यात नोंदलेलं आहे. चिंग घराण्याची राजमाता त्सशी हिच्या मोत्याच्या भुकटीच्या कथा तर आजच्या प्रत्येक जाहिरातीत असतात. ‘राजघराण्यातला उपाय’ हे शब्द मुळात तिथले. मराठी जाहिरातीत येताना त्यांवर फक्त आयुर्वेदाचा शिक्का बसला.

दुसरी वाट युरोपची, आणि ती जास्त गमतीची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडन-पॅरिसच्या स्त्रिया ‘पर्ल पावडर’ आणि ‘पर्ल व्हाइट’ लावत. त्यात मोत्याचा कणही नसे, असायचा तो बिस्मथ या धातूचा क्षार. दगडी कोळशाच्या धुरात आणि गंधकाच्या वाफेत हा क्षार काळा पडतो, त्यामुळे गोऱ्या गालांवर राखाडी छटा येण्याची फजिती व्हायची. मोत्यासारखी चमक हवी असेल तर माशांच्या खवल्यांतून काढलेला ग्वानिनचा अर्क होता. पुढे अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड चढवून केलेली चमक आली. आजच्या लिपस्टिकवर आणि नेलपॉलिशवर जी मोतिया झाक दिसते ती मुख्यतः हीच. बाटलीवर मोती आणि आत दुसरंच काही, ही रीत अशी दोनशे वर्षांहून जुनी.

मराठी घराला या रीतीचं सर्वांत परिचित उदाहरण माहीत आहे: मोती साबण. टाटा ऑईल मिल्सने आणलेली ही गोल, जाडजूड वडी गुलाब आणि चंदनाच्या वासात मिळू लागली आणि बघता बघता दिवाळीच्या फराळाइतकी ठरलेली झाली. १९९०च्या दशकात टाटा ऑईल मिल्स हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली, साबण मात्र टिकला. त्यात मोती असतो असा समज कोणाचाच नाही. उटण्याच्या वाटीशेजारी तो बसला आणि अभ्यंगस्नानाच्या विधीत शिरला. दरम्यान गोरेपणा विकणारी क्रीमही आली होती. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात उतरली आणि २०२० मध्ये तिला नावातला ‘फेअर’ सोडावा लागला. मधल्या काळात तालुक्याच्या गावांपर्यंत ब्यूटी पार्लर पोचली आणि त्यांच्या दरपत्रकांवर ‘फ्रूट’ आणि ‘गोल्ड’च्या रांगेत ‘पर्ल फेशियल’ दिसू लागलं.

मोती स्वस्त झाला नसता तर हे घडलं नसतं. जपानमध्ये कोकिची मिकिमोतोने ११ जुलै १८९३ रोजी आपल्या शिंपल्यांतून पहिले अर्धगोल संवर्धित मोती काढले. १९२० नंतर गोल संवर्धित मोती जगाच्या बाजारात आले. १९२९च्या मंदीने उरलेली कसर भरून काढली आणि आखाताचा मोत्याचा धंदा काही वर्षांत कोसळला. त्याबरोबर मुंबईची पेठही उतरली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या डॉ. के. अलगरस्वामी यांनी १९७३ मध्ये तुतिकोरिनला संवर्धित मोती तयार केला. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र भुवनेश्वरच्या ‘सिफा’ या संस्थेने रुजवलं, आणि महाराष्ट्रातही तळ्यात-टाक्यांत शिंपले पाळणारे शेतकरी दिसू लागले. पण भाव पाडला तो चीनने. तिथल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांतून मोती टनांनी निघू लागले. त्यांतले बेढब दाणे दागिन्याला चालत नाहीत, ते दळले जातात. पूर्वी मुंबईच्या चाळणीखालचा जो माल वैद्याच्या खलात जाई, त्याची जागा आता या भुकटीने घेतली. फरक एवढाच की आता ती पोटाऐवजी गालाकडे वळली.

गालावर ती करते काय? कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते त्वचेत मुरण्याचा प्रश्नच येत नाही. बारीक भुकटी तेल शोषते, हलकं घासते आणि काही वेळ पांढरा थर ठेवते, त्यामुळे चेहरा धुतल्यावर स्वच्छ आणि कोरडा वाटतो. मसुरीचं पीठ हेच काम करत आलं आहे. घरगुती कृतींत पुष्कळदा लिंबाचा रस घालायला सांगतात. मग वाटीत फेस येतो आणि ‘मोती जागा झाला’ असं वाटतं. प्रत्यक्षात लिंबातलं आम्ल आणि कार्बोनेट एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम सायट्रेट राहतं. दह्यातही हेच होतं, फक्त सावकाश. त्या वाटीत तिसऱ्यांच्या कवचाची पूड टाकली, तरी फेस तसाच येतो. म्हणून ही परीक्षा मोती ओळखायला कुचकामी आहे. भुकटी एकदा झाली की मोती कोणता आणि शिंपला कोणता हे डोळ्यांना आणि बोटांना कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

खरेदीला निघालेल्याने पाकिटाची मागची बाजू वाचावी ती यासाठीच. आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जाणारी मुक्तापिष्टी परवाना घेतलेल्या कारखान्यात बनते. तिच्यावर परवाना क्रमांक, बॅच आणि संदर्भग्रंथ छापलेला असतो, आणि ती वैद्याच्या सल्ल्याने गुंजांच्या मापात घ्यायची असते. फेसपॅक म्हणून येणारी ‘पर्ल पावडर’ सौंदर्यप्रसाधनात मोडते आणि तिचे नियम वेगळे आहेत. सुट्या पुडीत ना हे ना ते. तीच पुडी कोणी दुधातून पोटात घेतली, तर शोधन न झालेला मोती, शिंपला किंवा आणखी काही पोटात जातं. घटकांच्या यादीत पहिल्या तीन नावांत मोती नसेल आणि टाल्क, अभ्रक किंवा स्टार्च असेल, तर पैसे कशाचे मोजले जात आहेत हे तिथेच कळतं. वैभववाडीच्या बाजारात मे महिन्यानंतर मिळणाऱ्या कोकमतेलाच्या गोळ्यावर अशी यादी नसते. त्यात घटक एकच असतो.